बाबांचा हापूस काकांच्या खळ्यात उभा आहे

वाचकाचं पत्र, थोडं आखडून:

"ताई, नमस्कार. आम्ही दापोली तालुक्यातले. घरामागे आजोबांनी लावलेला हापूस होता. 3 जून 2020 ला निसर्ग वादळात तो मधोमध फाटला, नंतर बुंधा हातभर ठेवून तोडावा लागला. त्या दिवशी खाली पडलेल्या आंब्यांतले तीन बाबांनी आढीत पिकवले. आम्ही ते खाल्ले आणि कोया बाबांनी स्वतःच्या हाताने लावल्या. बाबा आता 76 वर्षांचे आहेत. सहा वर्षं त्यांनी ती तीन रोपं लेकरासारखी जपली. यंदा एकाला पहिल्यांदाच फळ धरलं, सात आंबे. कापले तर नुसते धागे, चव आंबट, वास रायवळाचा, गावठी आंब्याचा. बाबा काही बोलले नाहीत, पण त्या दिवशी जेवलेही नाहीत. म्हणतात, आजोबा दरवर्षी झाडाला मासळीचं खत घालायचे, ते माझ्याच्याने झालं नाही, माझंच चुकलं. शेजारचे म्हणतात, आमच्या माहेरी कोयीचा आंबा अगदी आईसारखा येतो, तुमच्या मातीतच खोट आहे. जुन्या बुंध्याला जमिनीलगत एक फुटवा आलाय, आता माझ्या डोक्याइतका उंच झालाय, बाबा त्याच्याकडे डोळे लावून बसलेत. याच झाडाचं एक कलम बाबांनी काकांच्या लग्नाच्या वर्षी त्यांच्या खळ्यात बांधून दिलं होतं. ते वादळातून वाचलं, पण वाटणीनंतर आमचं तिकडे जाणं-येणं नाही. बाबांना काय सांगू? आजोबांचा आंबा आता गेलाच म्हणायचा का?"
बाबांची लेक

प्रिय लेकी,

वयाने बरीच मोठी आहे, म्हणून तू म्हणते.

तुझ्या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देते, कारण ते तुझ्याच पत्रात आहे आणि तू ते एका वाक्यात सांगून पुढे गेलीस. आजोबांचा आंबा गेलेला नाही. तो काकांच्या खळ्यात उभा आहे. त्याचा मुलगा नाही, भाऊ नाही, तोच. असं का म्हणते ते नीट समजावून सांगायला थोडी जागा लागेल, पण ते तुला कळलं की बाबांना काय सांगायचं हेही कळेल.

आधी बाबांच्या हाताचा प्रश्न मिटवू. त्या हातांचं काहीही चुकलेलं नाही. त्या तीन कोया कृषी विद्यापीठाच्या बागेत लावल्या असत्या, रोज तोलूनमापून खत-पाणी दिलं असतं, तरी त्या झाडाला हेच सात आंबे आले असते. फार तर आकाराने थोडे मोठे. जे ठरायचं होतं ते आंबा झाडावर कैरीएवढाही नव्हता तेव्हाच, मोहरात, ठरून गेलं होतं.

आंब्याचं फळ हातात घे. साल आईची, गर आईचा, बाठ्याचं कठीण कवचसुद्धा आईचंच. हे सगळं त्या फुलाच्या बीजकोशातून वाढलेलं असतं, म्हणजे मूळ झाडाचंच अंग. म्हणून हापूसच्या मोहरावर कुणाचाही पराग पडो, त्या वर्षीचा आंबा हापूसच लागतो. पण कवचाच्या आत जी कोय आहे, जिच्यातून अंकुर फुटतो, ती आईची नुसती प्रत नाही. ती लेक आहे. तिला बापही आहे. वादळाच्या दिवशी तुम्ही जे खाल्लंत ते आजोबांचं झाड होतं. बाबांनी जे मातीत घातलं ते त्या झाडाचं मूल होतं, आणि मूल आईसारखं असेलच असं कोण सांगणार?

हा बाप कोण? ते आता कुणालाच सांगता येणार नाही. आंब्याच्या मोहरावर माश्या असतात, बारीक किडे असतात, आणि ते सगळ्या वाडीतून फिरून येतात. तुमच्या घराच्या आसपास पायरी आंबा असेल, वहाळाच्या काठाला रायवळ असतील. आंब्याच्या बऱ्याच जातींना तर स्वतःचा पराग चालतच नाही. उत्तरेकडचे दशहरी आणि लंगडा यांची एकाच जातीची बाग लावली तर फळधारणा नीट होत नाही, मध्ये दुसऱ्या जातीची झाडं लावावी लागतात. तेव्हा एका कोयीचा बाप पायरी आणि दुसरीचा वहाळाकाठचा रायवळ असणं सहज शक्य आहे. बाबांनी तिन्ही कोया एकाच झाडाखालून उचलल्या असल्या तरी.

आता या आई-बापांकडून मुलाला नेमकं काय मिळतं ते पाहू. आंब्याच्या प्रत्येक पेशीत 40 गुणसूत्रं असतात, 20 जोड्या. गुणसूत्र म्हणजे डीएनएचा लांबच लांब धागा, घट्ट गुंडाळून ठेवलेला. त्या धाग्यावर चारच अक्षरं पुन्हा पुन्हा येतात आणि त्यांच्या क्रमाने सगळा मजकूर लिहिलेला असतो: पान केवढं असावं, गरात धागे किती, साखर किती, आंबटपणा किती, वासाची द्रव्यं कोणती. या मजकुराचा एकेक अर्थपूर्ण तुकडा म्हणजे एकेक जनुक. प्रत्येक जनुकाच्या दोन प्रती असतात, एक आईकडून आलेली, एक बापाकडून.

पण झाड जेव्हा पराग किंवा बीजांड तयार करतं तेव्हा ते सगळा मजकूर देत नाही. प्रत्येक जोडीतलं एकच गुणसूत्र देतं. कोणतं, याचा नियम नाही. 20 जोड्यांत प्रत्येक वेळी हे किंवा ते अशी निवड असेल तर एकाच झाडाकडून 10 लाख 48 हजार 576 प्रकारचे अर्धे वाटे निघू शकतात. शिवाय वाटे पडण्याआधी जोडीतली दोन गुणसूत्रं आपसात तुकड्यांची अदलाबदल करतात, ते यात धरलेलंच नाही. बापाकडूनही असंच. त्यामुळे एका हापूसच्या दोन कोया एकसारख्या निघणं जवळपास अशक्य आहे. यंदा फळ आलेलं झाड आणि अजून फळ न आलेली त्याची दोन भावंडं, तिघांची तीन तऱ्हा असणार. त्या दोघांवर आत्ताच रायवळाचा शिक्का मारू नकोस.

तू विचारशील, समजा बाप बाहेरचा नसता, हापूसवर हापूसचाच पराग पडला असता, तर? तरीही खात्री नव्हती. हापूसच्या पोटातही कितीतरी गोष्टी झाकून राहिलेल्या आहेत. दोन प्रतींतली एक प्रत जोरकस असते, तिचं काम दिसतं. दुसरी गप्प असते, पण मजकुरातून जात नाही, आणि पुढच्या पिढीत तशाच दुसऱ्या गप्प प्रतीशी गाठ पडली की वर येते. युरोपातल्या ब्रनो शहरातल्या मठात ग्रेगोर मेंडेल यांनी हे वाटाण्यावर दाखवलं. गोल दाण्याचा आणि सुरकुतलेल्या दाण्याचा वाटाणा त्यांनी एकत्र आणला, तर पहिल्या पिढीत सगळे दाणे गोल. सुरकुत्या नाहीशाच झाल्या असं वाटावं. त्यांनी ती रोपं आपापल्या परागावर सोडली आणि पुढच्या पिढीत 5474 गोल दाणे आले, 1850 सुरकुतलेले. साधारण तिनास एक. सुरकुत्या कुठेही गेल्या नव्हत्या. मेंडेल यांचं काम 1866 मध्ये छापून आलं, पण ते वारल्यावर कितीतरी वर्षांनी, 1900 च्या सुमारास, जगाने त्याची दखल घेतली. आणि त्या सुरकुतीचं नेमकं कारण 1990 मध्ये सापडलं: साखरेचं पिठात रूपांतर करणाऱ्या एका जनुकात सुमारे 800 अक्षरांचा परका तुकडा घुसलेला. जनुक बिघडलं, पीठ कमी झालं, साखर आणि पाणी जास्त राहिलं, आणि दाणा वाळताना आक्रसला. एका तुकड्याने दाण्याचं रूप बदललं. आंब्याच्या चवीत तर एक नाही, कितीतरी जनुकांचा हात असतो. त्यामुळे तिथे तिनास एक असा सरळ हिशेब लागत नाही.

एकाच आई-बापाची मुलं किती वेगळी निघू शकतात याचं मला फार आवडणारं उदाहरण आंब्यातच आहे. दिल्लीच्या पुसा कृषी संशोधन संस्थेत नीलम आणि दशहरी यांचा संकर करून दोन जाती काढल्या. नीलम आई आणि दशहरी बाप, तिथून मल्लिका आली. दशहरी आई आणि नीलम बाप, तिथून आम्रपाली. मल्लिकाचं फळ मोठं, वजनदार. आम्रपालीचं झाड ठेंगणं, फळ लहान, पण दरवर्षी धरणारं. घराणी तीच दोन, आणि बहिणी अशा. आपल्या दापोलीच्या कृषी विद्यापीठाची रत्नाही अशीच संकरातून आलेली. नीलम आई, हापूस बाप, 1981 साली लोकांना दिली. हापूसला साका होतो, म्हणजे वरून फळ देखणं आणि आत गर पांढरट, भुसभुशीत. तो त्रास रत्नाला नाही. मग रत्नाचा पुन्हा हापूसशी संकर करून 1992 मध्ये सिंधू आली, तिची कोय अगदी पातळ. हे तुला सांगते ते एवढ्यासाठी की कोयीतून येणारं झाड म्हणजे बिघाड नव्हे. नव्या जाती कोयीतूनच येतात. फक्त एक रत्ना हाती लागावी म्हणून कितीतरी रोपं वाढवून, चाखून, बाजूला ठेवावी लागतात, आणि बाबांनी तीनच लावली होती.

आता मासळीच्या खताचं. बाबांच्या मनात हे खोल बसलेलं दिसतं, म्हणून बोलते. आजोबांनी खत घातलं, झाड जोमदार राहिलं, फळं भरली, हे खरं आहे. झाडाला मिळालेलं खाणं, ऊन, खारा वारा, यांचा फळावर परिणाम होतोच. कोकणातलं हापूसचं कलम घाटावर नेलं तर तोच आंबा वेगळा लागतो, हे आपण सगळे जाणतो. पण आजोबांनी घातलेलं खत कोयीतल्या मजकुरात उतरत नाही. पिढ्यान् पिढ्या आपण मुलींचे कान टोचत आलो, म्हणून कुठली मुलगी टोचलेल्या कानांनी जन्मली आहे का? तसंच बाबांनी खत घातलं नाही म्हणून या रोपाच्या गरात धागे आले नाहीत. धागे त्याच्यात जन्मापासून होते. बाबांनी सहा वर्षं पाणी घातलं म्हणून ते झाड उभं राहिलं, फळावर आलं. एवढंच त्यांच्या हातात होतं आणि तेवढं त्यांनी पुरेपूर केलं. हे त्यांना याच शब्दांत सांग.

शेजारणीचं म्हणणंही खोटं नाही, फक्त ते तुमच्या आंब्याला लागू नाही. आंब्याच्या काही जाती अशा आहेत की त्यांच्या एका कोयीतून एकाऐवजी दोन, तीन, कधी आणखी कोंब येतात. ओलूर, कुरुक्कन, बप्पकाई, वेल्लईकोलंबन ही त्यांतली नावं, बहुतेक दक्षिणेकडच्या पश्चिम किनाऱ्यावरची. यांतले बरेचसे कोंब परागापासून आलेले नसतात. ते कोयीतल्या आईच्याच पेशींतून फुटतात, बापाचा त्यांच्याशी संबंध नसतो, आणि म्हणून ते हुबेहूब आईसारखे वाढतात. शेजारणीच्या माहेरी असा एखादा आंबा असणार. हापूसच्या कोयीतून एकच कोंब येतो, आणि तो आई-बाप दोघांचा असतो. बाबांना आठवत असेल, त्यांच्या तिन्ही कोयांतून एकेकच कोंब आला होता ना? तुमच्या मातीत काही खोट नाही. त्याच मातीत आजोबांचा हापूस एवढी वर्षं पिकला.

आता कलमाकडे येते, म्हणजे काकांच्या खळ्याकडे.

झाड वाढतं ते पेशी दुभंगून. एकीच्या दोन, दोनांच्या चार. प्रत्येक वेळी दुभंगण्याआधी डीएनएची प्रत काढली जाते. या धाग्याचे दोन पदर असतात, एकमेकांना नेमके जुळणारे, आणि एक पदर समोर असला की दुसरा कसा असायला हवा हे त्यावरून ठरतं. पदर सुटे होतात, प्रत्येकाला नवा जोडीदार पदर विणला जातो, आणि एका मजकुराचे दोन मजकूर होतात, अक्षरास अक्षर. इथे कुणी अर्धा वाटा टाकत नाही, कुणी बाहेरचा येत नाही. म्हणून झाडाच्या प्रत्येक पानात, प्रत्येक डहाळीच्या टोकाला, सगळ्या झाडाचा मजकूर पूर्णच्या पूर्ण असतो. पेन्सिलीएवढी काडी कापली तरी तिच्यात आख्खा हापूस आहे.

कलम बांधताना आपण करतो काय? खालचा खुंट रायवळाचा, वरची काडी हापूसची. सालीच्या आतला ओलसर हिरवा थर दोन्हीकडचा एकमेकाला भिडवतो आणि घट्ट बांधतो. तो थर सांधला की खालून पाणी वर जातं, पानांनी केलेलं अन्न खाली येतं. पण खुंटाच्या पेशी खुंटाच्याच राहतात आणि काडीच्या काडीच्याच. खुंटामुळे झाड जोमदार किंवा ठेंगणं होऊ शकतं, वरचा हापूस मात्र रायवळ होत नाही. माझ्या वडिलांची लहानशी रोपवाटिका होती. लहानपणी मला वाटायचं, सांध्यापाशी दोन रक्तं मिसळत असतील. मिसळत नाहीत. एकाच घरात चूल एक, माणसं दोन, असं ते आयुष्यभर राहतं.

म्हणून जगातला प्रत्येक हापूस हा एका झाडाचा तुकडा आहे. कधीतरी, कुणाच्या तरी परसात, कोयीतून उगवलेलं एकच झाड असं निघालं की खाणाऱ्याने ते जाऊ द्यायचं नाही असं ठरवलं. पोर्तुगीजांनी गोव्यात कलमाची पद्धत रुजवली, आणि आंब्याला नाव मिळालं, असं सांगतात, गोवा जिंकणारे पोर्तुगीज सेनानी अफोंसो द आल्बुकर्क यांच्यावरून, त्याचंच आपल्या तोंडी हापूस झालं. तेव्हापासून काडीवरून काडी, हातातून हातात, तेच झाड चालत आलंय. 2018 मध्ये रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे आणि पालघर या जिल्ह्यांच्या हापूसला भौगोलिक मानांकन मिळालं. त्या कागदाच्या मागे एका झाडाची एवढी मोठी वाटचाल आहे. इतक्या वर्षांत प्रत काढताना एखादं अक्षर चुकतं, एखादी फांदी जरा लवकर मोहरते, एखाद्या बागेतलं फळ जरा वेगळं, हे होतं. म्हणूनच आपल्याकडे लोक म्हणतात, हापूस सगळीकडे आहे, पण अमक्याच्या झाडाचा तो अमक्याच्याच झाडाचा. तुझ्या आजोबांच्या झाडाला असं काही स्वतःचं असेल तर तेही काकांच्या कलमात उतरलेलं आहे. काडी त्याच झाडाची होती आणि बांधणारे हात बाबांचे होते.

मग काकांचं झाड आणि आजोबांचं झाड यांत फरक काय? वरच्या भागापुरता, काही नाही. बुंधा वेगळा, मुळं वेगळी. फांद्या, पानं, मोहर, आंबा, सगळं तेच.

आता तो फुटवा, ज्याच्याकडे बाबा बघत बसतात. इथे मला तुम्हा दोघांना सावध करायचं आहे. आजोबांचं झाड स्वतः कलम होतं, म्हणजे त्याच्याही तळाशी कुणातरी रायवळाचा खुंट होता. जुन्या काळची कलमं बहुतेक भेट कलमं, म्हणजे झाडाची न तोडलेली फांदी खुंटाच्या रोपाला भिडवून बांधलेली, सांधा जमिनीपासून फार वर नसतो, आणि माती चढली की तो दिसेनासा होतो. फुटवा सांध्याच्या वरून आला असेल तर तो हापूस. खालून आला असेल तर रायवळ. जमिनीलगत आलाय म्हणतेस, तेव्हा माझा कल खालचा असण्याकडे आहे. बुंध्याजवळची माती हाताने हळू बाजूला कर आणि बघ. कुठे सालीचा पोत बदलतो का, फुगवटा किंवा तिरकी रेघ दिसते का. आणि फुटव्याचं पान चुरगळून वास घे, मग काकांच्या झाडाचं पान चुरगळून घे. कलमं बांधणाऱ्याला एवढ्यावरून कळतं. बाबांना तर नक्की कळेल.

तो रायवळ निघाला तर वाईट वाटून घेऊ नका, कारण मला सगळ्यांत जास्त आशा त्याच्यातच दिसते. ती मुळं आजोबांनी लावलेली आहेत. त्या मुळांवरून आलेल्या कोवळ्या फुटीवर काकांच्या खळ्यातली काडी बांधली, तर खाली तोच खुंट आणि वर तोच हापूस, म्हणजे वादळाच्या आदल्या दिवशी होतं तेच झाड. मुळं वाढलेली, काडी फळावर आलेल्या झाडाची. ती स्वतःला रोप समजत नाही, तिला मोहर कसा धरायचा हे आधीच ठाऊक असतं. कोयीच्या झाडाला फळाची सात-आठ वर्षं सहज लागतात. नव्या कलमाला चार-पाच. जुन्या मुळांवरच्या कलमाला त्याहून कमी. बाबांचं वय 76 आहे, म्हणून हा हिशेब मुद्दाम मांडला.

पण जुन्या बुंध्याचा भरवसा नाही. त्यात खोडकिडा शिरलेला असू शकतो, आतून कुजलेला असू शकतो. म्हणून सगळं त्याच एका फुटव्यावर ठेवू नकोस. फळ न आलेल्या दोन झाडांपैकी एकाची फांदी छाट, नवी तांबूस फूट आली की तिच्यावरही काड्या बांध. एक झाड तसंच राहू दे, त्याचं फळ बघायचं आहे. यंदा फळलेलंही तोडू नका. पहिल्या बहराची चव ही शेवटची चव नसते. आणखी दोन-तीन वर्षं चाखा, आणि धागे राहिलेच तर त्याच्या कैऱ्यांचं लोणचं करा. आंबट कैरी लोणच्याला उत्तमच. शिवाय यंदाच्या रायवळाच्या कोया गोळा करून ओल्या मातीत घाल, दोन-तीन आठवड्यांत कोवळे तांबडे कोंब येतील, त्यांच्यावर कोय कलमं बांध. सगळी जगत नाहीत, म्हणून चार हवी असतील तर दहा-पंधरा बांध.

काडीचं मात्र नीट ऐक. डहाळी तीन-चार महिन्यांची हवी, म्हणजे होळीच्या सुमाराला पालवी आली होती त्या आता जमतील. पेन्सिलीएवढी जाड, वीतभर लांब, यंदा मोहर न आलेली, टोकाचा डोळा फुगलेला पण उमललेला नाही अशी. झाडाच्या उन्हाच्या बाजूची घे, बुंध्याजवळून उभा सुटलेला रसरशीत फुटवा घेऊ नको. तळाकडून आलेला तर मुळीच नको, काकांच्या झाडालाही खाली खुंट आहेच. निवडलेल्या डहाळीची पानं आठ-दहा दिवस आधी कापायची, देठ तेवढे ठेवायचे. ते देठ पिवळे होऊन गळले की डोळा भरला असं समजायचं. मग सकाळच्या वेळी काडी कापायची, ओल्या फडक्यात गुंडाळायची, आणि त्याच दिवशी बांधायची.

काकांना काय म्हणायचं, हे तू विचारलं नाहीस, पण अडलंय तिथेच. वाटणीचा विषय त्या दिवशी काढू नकोस, कोण बरोबर होतं तेही नाही. एवढंच म्हण: काका, आजोबांच्या आंब्याच्या चार काड्या हव्या आहेत, बाबांना बांधायच्या आहेत. त्यांना हेही सांग की आता ते झाड एकटं आहे. निसर्ग गेलं आणि वर्षभरातच, मे 2021 मध्ये, तौक्ते आलं. पुढचं वादळ कधी येईल कुणी सांगावं. आज काकांनी काडी दिली तर उद्या काकांच्या झाडाला काही झालं तर तुमच्याकडून काडी परत जाईल. या मागण्यात कुणाचा कमीपणा नाही. ते कलम बाबांनी दिलेलं आहे, आणि ज्या झाडावरून दिलं ते दोघांच्या वडिलांचं होतं.

बाबांच्या डोळ्यांना आता बारीक काम दिसत नसेल तर पाचर कापायला गावातल्या एखाद्या कलमवाल्याला बोलाव. पट्टी मात्र बाबांना बांधू दे.

आणि एक गोष्ट आधीच मनाशी धरून जा. पानं कापायचा दिवस वेगळा, काडी कापायचा दिवस वेगळा, मध्ये आठ-दहा दिवस. म्हणजे काकांच्या खळ्यात तुला दोनदा जावं लागेल. पहिल्यांदा एकटी जा. दुसऱ्यांदा बाबांना घेऊन जा, कारण कुठली काडी भरली आहे हे त्यांच्याइतकं कुणाला कळणार नाही.